पंखा थंडी तयार करत नाही

अकोला-नागपूरकडे मे महिन्यात डेस्कटॉप अचानक बंद पडला, न जतन केलेलं काम गेलं, की आपण पंख्याला दोष देतो. पण बघा, पंखा थंडी तयार करतो कुठे? तो फक्त प्रोसेसरची उष्णता हवेत ढकलतो. खोलीच ४० अंशांवर, तर प्रोसेसर त्याहून गरमच राहणार. १०० अंशांच्या आसपास तो आपणहून मंद होतो. तरी भागलं नाही तर यंत्र बंद. म्हणजे उष्णता आधी पेटीतून काढायची, मग खोलीतून.

पेटीत मुख्य अडसर धुळीचा. हीटसिंकच्या पात्यांत तिचा थर म्हणजे उन्हाळ्यात पांघरलेली गोधडीच! प्लग काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून ब्लोअर मारावा. मागं वीतभर जागा ठेवावी. बाजूचं झाकण काढून ठेवायची आपल्याला भारी हौस. त्यानं कधी बरं वाटतं, कधी वाऱ्याची वाटच मोडते, आणि पाल आत शिरते ते वेगळंच.

खोलीसाठी विदर्भात कूलर उत्तम, कारण हवा कोरडी. मात्र खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट हवा कोंडते. झोत थेट कॅबिनेटवर नको, तुषार आत जातात. मुंबई-कोकणात हवा आधीच दमट, तिथं कूलर फारसा कामाचा नाही. व्हिडिओ एडिटिंगसारखी जड कामं पहाटे उरकलेली बरी.