अडीचशे हॉर्सपॉवर आणि एक चाक

“अडीचशे हॉर्सपॉवर आहेत, बॉस!” पुणे सोडल्यापासून मित्राने हे किमान दहा वेळा ऐकवलं होतं. सेकंडहँड जर्मन सेडान, रिअर-व्हील ड्राइव्ह, पाच वर्षांचा ईएमआय. गाडी आई-बाबांना दाखवायची म्हणून आम्ही त्याच्या गावी, वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगला निघालो होतो. समृद्धी महामार्गावर पठ्ठ्याने ऐटीत ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण बंद केलं. “आता खरी मजा!” शेलूबाजारला उतरलो, वाशीम मागे टाकलं, पुसद रोडला लागलो. सगळं कसं सही चाललं होतं.

मग शेताचा रस्ता आला. आदल्या रात्री पाऊस झालेला, दोन्हीकडे सोयाबीन. समोरच्या बैलगाडीला जागा द्यायला त्याने गाडी डावीकडे घेतली आणि मागचं डावं चाक काळ्या मातीत रुतलं. अॅक्सिलरेटर दाबला, तर ते भिंगरीसारखं फिरायला लागलं. उजवं चाक कोरड्या मुरमावर, पण ढिम्म. बांधावर उभे असलेले त्याचे बाबा काहीच बोलले नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

शेजारचे काका ट्रॅक्टर घेऊन आले. “पावर त लय हाये भाऊ, पन सारी चिखलात चालली ना!”

गडबड कुठे होते?

मागच्या दोन चाकांच्या मधोमध गिअरचा एक डबा असतो, तो डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. साधा, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर मात्र सारखाच देतो. चिखलातल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर लागतो, म्हणून कोरड्यावरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. बाकीची पॉवर ईएमआयसकट चिखलात!

‘लिमिटेड स्लिप’ म्हणजे एलएसडी हा फरक फार वाढू देत नाही. आतल्या क्लच प्लेट्स किंवा ‘टॉर्सन’सारखे खास गिअर मोकाट चाकाला आवरतात आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर पाठवतात. वेगात वळताना आतलं चाक हलकं होऊन असंच घसरतं. १९३० च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग कार्सचं एक चाक भर वेगातही नुसतंच फिरायचं, म्हणून फर्डिनांड पोर्शने झेडएफ कंपनीकडून असा डिफरन्शियल करून घेतला. आज बीएमडब्ल्यूच्या एम कार्समध्ये हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं.

काकांच्या टाचेखाली

गाडी ओढताना ट्रॅक्टरचंही एक चाक घसरलं. काकांनी टाचेने एक पेडल दाबलं आणि दोन्ही चाकं एकदम फिरू लागली. हा डिफरन्शियल लॉक. दुसरी युक्तीही त्यांनीच सांगितली. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. मोकाट चाकाचा ब्रेक हलकेच दाबला की जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. माझी ट्यूब तेव्हा पेटली. कारमधला ट्रॅक्शन कंट्रोल कॉम्प्युटर वापरून हेच करतो! आणि आमच्या हीरोने तोच बंद करून ठेवला होता.

मग एलएसडी बसवायचा?

रात्री पिठलं-भाकरीवर मित्राचा हाच प्रश्न. ट्रॅकवर जाणार असशील तर जरूर, मी म्हटलं. पण ओल्या वळणावर अॅक्सिलरेटर जास्त दाबला तर ओपनमध्ये बहुतेक वेळा आतलं एकच चाक घसरतं, दुसरं गाडी सावरून धरतं. एलएसडीमध्ये दोन्ही एकदम सुटू शकतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. दोन्ही चाकं चिखलात असतील तर एलएसडीही हात टेकतो. रोजच्या ऑफिस-घर प्रवासाला आधी चांगले टायर घे.

शोरूममध्ये हे विचारा

• डिफरन्शियल ओपन, लिमिटेड स्लिप की लॉकिंग?
• ‘इलेक्ट्रॉनिक’ म्हणतात तो खरा एलएसडी की ब्रेकवर चालणारी नक्कल?
• याच व्हेरिअंटमध्ये आहे ना? २०२० च्या थारलाही मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल काही व्हेरिअंटमध्येच होता.

सकाळी मित्र खाली मान घालून गाडी धूत होता. बाबा आले, दार उघडून पुढच्या सीटवर बसले, सीटवरून हात फिरवला.

“चाल, वाशीमले जाऊ,” ते म्हणाले. “डांबरावरून.”

मित्राने आधी ते बटण चालू केलं.