नदीकाठची शरणागती

सह्याद्रीत पायपीट केलेल्या माणसाला किल्ला म्हटले की कातळ, बुरूज, दिंडी दरवाजा, निदान एखादे बुजलेले टाके तरी लागते. त्यामुळे मुलीकडे नॅशव्हिलला मुक्कामाला असताना जावईबापू म्हणाले, ‘बाबा, रविवारी फोर्ट डोनेल्सन पाहून येऊ,’ तेव्हा मी चढणीच्या तयारीनेच निघालो. डोव्हर या लहानशा गावाजवळ उतरलो. समोर गवताने झाकलेले मातीचे बांध, काही तोफा आणि खाली संथ वाहणारी कंबरलँड नदी. ‘किल्ला कुठे आहे?’ मी विचारले. जावईबापू हसले. ‘आपण किल्ल्यातच उभे आहोत.’

अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) आपल्याला माहीत असते ते लिंकनमुळे. मुंबईच्या इतिहासाचे वाचन असेल तर कापसाच्या तेजीमुळे. दक्षिणेचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईतले सट्ट्याचे मनोरे कोसळले. पण गुलामांच्या श्रमावर तो कापूस पिकवणाऱ्या मुलखात शिरायचे कसे, हा उत्तरेच्या सेनापतींपुढचा प्रश्न होता. रस्ते चिखलाचे, रेल्वे तुटपुंजी. खऱ्या वाटा होत्या नद्यांच्या. वाफेच्या बोटीवर तोफा, दाणागोटा आणि पलटणी चढवल्या की नदीच त्यांना शत्रूच्या घरात नेऊन सोडणार. म्हणून दक्षिणेने टेनेसी नदीवर फोर्ट हेन्री आणि तिथून जेमतेम १९ किलोमीटरवर, कंबरलँडवर, फोर्ट डोनेल्सन उभारले.

जागा निवडण्यात मात्र राजकारण आडवे आले. १८६१ च्या उन्हाळ्यात शेजारच्या केंटकी राज्याने तटस्थता जाहीर केली होती. तिथल्या सोयीच्या जागा सोडून टेनेसीच्या हद्दीतच किल्ले बांधणे भाग पडले, आणि फोर्ट हेन्री चक्क सखल जमिनीवर आला. ६ फेब्रुवारी १८६२ रोजी कमोडोर फूटच्या चिलखती नौका समोर आल्या, तेव्हा पुराचे पाणी किल्ल्यात शिरलेच होते. किल्लेदार टिल्गमनने बहुतेक शिबंदी आधीच डोनेल्सनकडे धाडली आणि मूठभर गोलंदाजांसह तासाभराहून थोडा अधिक वेळ झुंज दिली. ‘एसेक्स’ नौकेचा बॉयलर फुटून आतली माणसे भाजून निघाली; पण किल्ला पडला. ताबा घ्यायला आलेली होडी वल्हवत थेट किल्ल्याच्या दरवाजातून आत गेली!

डोनेल्सनची गोष्ट वेगळी. इथे तोफा उंच कड्यावर. १४ फेब्रुवारीला फूटच्या नौका जवळ आल्या आणि वरून होणाऱ्या माऱ्याने खिळखिळ्या होऊन प्रवाहाबरोबर मागे वाहत गेल्या. खुद्द फूट जखमी झाला. जमिनीवरून वेढा घालणाऱ्या ग्रँटच्या शिपायांची दैना निराळीच. उबदार हवेला भुलून अनेकांनी वाटेतच कोट आणि कांबळी टाकून दिली होती, आणि मग बर्फ पडू लागले. १५ तारखेच्या पहाटे दक्षिणेच्या फौजेने वेढा फोडून नॅशव्हिलची वाट मोकळी केली. सुटका हाताशी आली असताना सेनापती पिलोने सर्वांना पुन्हा खंदकात परत बोलावले!

त्या रात्री डोव्हरमध्ये मसलत झाली. मुख्य सेनापती फ्लॉइड पूर्वी अमेरिकेचा युद्धमंत्री होता; पकडला गेलो तर देशद्रोहाचा खटला होईल, ही त्याची भीती. त्याने अधिकार पिलोकडे सोपवले, पिलोने बकनरकडे, आणि दोघेही नदीपार निसटले. नेथन फॉरेस्ट आपले घोडदळ गोठणाऱ्या पाण्यातून घेऊन निघून गेला. १२ हजारांहून अधिक सैनिकांसह मागे राहिला बकनर.

ग्रँट आणि बकनर लष्करी विद्यालयापासूनचे दोस्त. १८५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्रँटचा खिसा रिकामा झाला, तेव्हा त्याच्या हॉटेलच्या बिलाची हमी बकनरनेच घेतली होती. तरीही ग्रँटचा निरोप आला तो विनाअट शरणागतीचा. ‘यू. एस. ग्रँट’मधली अक्षरे ‘अनकंडिशनल सरेंडर’ची, असे मग लोक म्हणू लागले. बकनर रागावला, पण मैत्री मोडली नाही. १८८५ मध्ये ग्रँटच्या अंत्ययात्रेत मानाने चालणाऱ्यांत तोही होता.

शरणागतीचे ते हॉटेल आजही नदीकाठी उभे आहे. तिथे दोस्तीची ही कथा ऐकताना मन भरून येते. पण बांधांकडे परत आलो आणि वाटले, ही माती उपसली कोणी? दक्षिणेने या कामाला गुलामही जुंपले होते. किल्ला पडल्यावर दहा दिवसांनी ग्रँटने हुकूम काढला: किल्ल्यात सापडलेल्या आणि तटबंदीच्या कामाला लावलेल्या गुलामांना मालकांकडे परत पाठवायचे नाही, सैन्याच्या कामावर ठेवायचे. लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला अजून दहा महिने होते. हे स्वातंत्र्य नव्हते. पण मालकाच्या दारी परतणेही नव्हते.

या गोष्टीचा शेवट मात्र इथे होत नाही. मिसिसिपीवर त्याच पिलोच्या नावाचा एक किल्ला होता. पुढे तो उत्तरेच्या हाती आला. १२ एप्रिल १८६४ रोजी फॉरेस्टने, डोनेल्सनहून निसटलेल्या त्याच फॉरेस्टने, त्यावर हल्ला केला. युद्धापूर्वी त्याचा धंदा गुलामांच्या खरेदी-विक्रीचा. किल्ल्यातले सुमारे निम्मे सैनिक कृष्णवर्णीय होते, त्यांतले कित्येक कालपर्यंतचे गुलाम. त्यांनी शस्त्रे खाली टाकली, तरी त्यांची कत्तल झाली. बकनरला शरण जाता आले, कारण समोरच्याने त्याला माणूस मानले होते. फोर्ट पिलोवर हात वर करणाऱ्यांना तेवढेही मिळाले नाही.

परतताना डोनेल्सनच्या दफनभूमीत थांबलो. युद्धानंतर इथे पुरलेल्या उत्तरेच्या ६७० सैनिकांपैकी ५१२ जणांची नावेही कळलेली नाहीत. ‘आणि फोर्ट हेन्री?’ मी गाडीत बसता बसता विचारले. जावईबापू म्हणाले, ‘तो पाण्याखाली आहे, बाबा. धरणाच्या जलाशयात गेला.’ चुकीच्या जागी बांधलेला तो किल्ला शेवटी नदीने परत घेतला. तो बांधणाऱ्यांची नावे मात्र तिनेही सांगितली नाहीत.