कांदा, दिवसाची लांबी आणि आपले पड कुणगे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कांद्यावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मालवण किनाऱ्यावरच्या घरात आगोटीची बेगमी करताना तांदळाखालोखाल कांदा आठवतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, सुक्या बांगड्यावर आणि गोलम्यावर दिवस काढायचे असतात. आणि कांद्यावाचून सुके मासे घशाखाली उतरत नाहीत. हा कांदा जवळजवळ सगळा घाटावरून येतो. लासलगावला भाव चढला की त्याची झळ आमच्या माजघरापर्यंत पोहोचते. १९९८ आणि २०१९ साली ती सर्वांनीच सोसली. इकडे भातकापणीनंतर आमचे कितीतरी कुणगे पड राहतात. मग आपल्याला कांदा का पिकवता येऊ नये?

हा प्रश्न मी वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारला. “आपल्याकडे कांदो पोसणा नाय, नुसती पात होता,” असे उत्तर मिळाले. हा अनुभव खोटा नाही. परंतु त्याचे कारण केवळ आपल्या जमिनीत शोधून चालणार नाही. कांद्याचा स्वभावही समजून घ्यावा लागेल.

कांद्याचे रोप मुख्यतः दोन गोष्टी ओळखते: दिवसाची लांबी आणि हवेतील ऊब. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात, हे १९२० साली अमेरिकेतील गार्नर व ॲलर्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगांत प्रश्न फुलोऱ्याचा होता. कांद्यात तो गड्ड्याचा आहे. आपल्या जातीला हवा तितका लांब दिवस येईपर्यंत रोप पाने काढत राहते. तो आला की नवी पाने थांबतात आणि असलेल्या पानांची बुडे फुगू लागतात. हवा उबदार असेल तर हे काम आणखी लवकर सुरू होते. आपण कांदा चिरतो तेव्हा दिसणारे बहुतेक पदर म्हणजे ही फुगलेली बुडेच होत. तात्पर्य, गड्डा धरण्यापूर्वी रोपाला जितकी जास्त पाने, तितका कांदा मोठा.

आमच्या वाडीतील एक काका सैन्यात असताना लेहला होते. तिथे कांदा पिकतो, असे त्यांनी सांगितले तेव्हा मला आश्चर्य वाटले. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते आणि उघड्यावरची भाजी मे ते सप्टेंबर एवढ्याच अवधीत होते. अशा मुलखात भाजीपाला पिकवता यावा म्हणून संरक्षण खात्याने १९६२ साली लेहमध्ये संशोधनशाळाही काढली. कांद्याचे रोप आडोशाखाली, उबेत वाढवायचे आणि जमीन मोकळी होताच बाहेर लावायचे, ही तिथली युक्ती. हंगाम तोकडा, म्हणून त्याचा पहिला भाग आडोशाखाली उरकायचा!

त्यांचे बी आपण आणले तर? थंड देशांतील जातींना गड्डा धरण्यासाठी चौदा तासांहून मोठा दिवस लागतो. इंग्लंडात जून महिन्यात तो सोळा तासांहून मोठा असतो. मालवणला मात्र सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपास. म्हणजे ती रोपे आपल्याकडे पातच काढत बसतील. उलट आपली जात तिकडे नेली तर वसंतातच, चार पाने असताना, गड्डा धरील आणि गोटीएवढी राहील. म्हणून बी घेताना ते आपल्याकडच्या रब्बी हंगामाच्या जातीचे आहे ना, हे पाहणे ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि माझ्या मते आपले घोडे इथेच अडते. लेहच्या हंगामाला दोन्ही बाजूंनी बर्फ आवळतो, तर आपल्या हंगामाला एका बाजूने पाऊस आणि दुसऱ्या बाजूने उन्हाळा. भात कापून, मळून, निवांतपणे बी टाकले तर रोप लावायला जानेवारी उजाडतो. रोपाला पुरती पाने येण्याआधीच ऊन तापते, दिवस वाढू लागतो, आणि सुपारीएवढे कांदे हाती येतात.

याला उपाय लेहचाच. रोप तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात आणि लावणीपासून काढणीपर्यंत सुमारे चार महिने. सणांच्या भाषेत सांगायचे तर दसऱ्याला बी, देवदिवाळीला लावणी आणि पाडव्याच्या सुमारास काढणी. दसऱ्याला कुणग्यात भात उभे असते, म्हणून रोप घरामागच्या परड्यात, उंच वाफ्यावर करावे आणि परतीच्या पावसापासून वाचवायला वर चुडतांचा मांडव घालावा.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ कार्ले, खंडाळे या गावांत भात निघाल्यावर त्याच खाचरांत पांढरा कांदा होतो. त्याच्या विणलेल्या माळा प्रसिद्ध आहेत आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिथल्या मातीची गोडी आपल्या कांद्याला येईल असे मी म्हणत नाही. परंतु “कोकणात कांदा होत नाही” हे विधान मात्र त्या माळांपुढे टिकत नाही.

अडचणी आहेतच. आपली जांभ्याची माती आंबट. तिला शेणखत आणि चुलीतली राख हवी. कांद्याची मुळे वरवर असतात, म्हणून पाणी थोडे पण वरचेवर द्यावे लागते. तेव्हा मार्चपर्यंत टिकणारी विहीर जवळ असावी. आणि भात निघाले की गुरे मोकळी सुटतात. एकट्याने वई घालण्यापेक्षा चार शेजाऱ्यांनी मिळून घातली तर खर्च निभतो. निम्म्या रोपांच्या माना पडल्या की पाणी तोडावे, कांदा सावलीत सुकवावा आणि पातीची वेणी घालून चुलीवरच्या आढ्याला टांगावा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत जमिनीवरची रास पावसाळा काढीत नाही.

हेक्टरी दहा टन एवढेच माफक उत्पन्न धरले तरी एका गुंठ्यात सुमारे एक क्विंटल कांदा होतो. घराचा पावसाळा त्यावर निघेल. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादा कुणगा पड आहे. त्यातला एक गुंठा यंदा कांद्याला द्यायचा असेल, तर तो निर्णय भात कापण्याच्या आधी, घटस्थापनेपर्यंत व्हायला हवा.