सौरपंपाची वीज आणि वाहनांचे जलद चार्जिंग

विजेवर चालणारी तीनचाकी मालवाहू वाहने आता खेड्यापाड्यांतून दूध व भाजीपाला वाहू लागली आहेत. सौरपंपाची पॅनेले बराच काळ रिकामी उभी असतात. तेव्हा त्यांच्यावर ही वाहने अर्ध्या तासात चार्ज करून घेता येणार नाहीत काय, अशी पृच्छा शेतकरी बंधूंकडून होते. भाजी उत्पादकांच्या एका गटाने तर जलद चार्जरसाठी वर्गणीही गोळा केली होती. पैसे मोजण्यापूर्वी त्यांनी विचारले, हे बरे झाले.

वीज किती मिळते आणि किती वेगाने मिळते, या दोन गोष्टींची येथे गल्लत होते. पाच अश्वशक्तीच्या सौरपंपास सुमारे ४,८०० वॅटची पॅनेले असतात. निरभ्र दिवशी त्यांपासून वीसेक युनिटे मिळतात. तीनचाकीची बॅटरी ८ युनिटांची धरली, तर दोन वाहनांपुरती ही वीज झाली. परंतु ८ युनिटे अर्ध्या तासात भरावयाची तर १६ किलोवॅट शक्ती लागते, आणि पॅनेले भर दुपारीही चार किलोवॅटच्या फारशी वर जात नाहीत. चार्जर मोठा आणला म्हणून ऊन वाढत नाही.

विहिरीचा झरा बारीक असला म्हणजे आपण आधी हौद भरून घेतो व मग मोठा पाट सोडतो. महावितरणच्या तारांवाचून जलद चार्जिंग करावयाचे तर हाच मार्ग आहे. दिवसभर वेगळ्या मोठ्या बॅटरीत वीज साठवावयाची व वाहन आले की वेगाने ओतावयाची. मात्र हा हौद महाग पडतो, वापरागणिक झिजतो, आणि साठवण्या-काढण्यात शंभरामागे दहा-पंधरा युनिटे वाया जातात. शिवाय वाहनाच्या बॅटरीसही तो वेग सोसला पाहिजे. शिसे-आम्लाच्या बॅटरीला तो मुळीच सोसत नाही. लिथियमची बॅटरीदेखील ८० टक्क्यांनंतर वीज सावकाश घेते.

हमरस्त्यावरील वाटसरूस घाई असते. तेथे असा खर्च कदाचित परवडेल. या गटाची वाहने मात्र सकाळी दहापर्यंत बाजारातून परततात व संध्याकाळपर्यंत उभीच असतात. मग घाई कोणाची? तीन किलोवॅटच्या साध्या चार्जरवर अकरा ते दोन या वेळात एक वाहन भरते. पिकास पाणी द्यावयाचे असेल त्या दिवशी मात्र पाणी आधी. पावसाळ्यात ढगाळ दिवस लागून येतात, म्हणून घरच्या वीजजोडणीची सोयही ठेवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट बजावून सांगावी. पंपाच्या नियंत्रकातून मोटारीकडे जाणाऱ्या तारा तोडून चार्जरला जोडू नयेत. ती वीज मोटारीच्या गतीनुसार बदलती असते. तिने चार्जर जळू शकतो. कडबाकुट्टी, पिठाची गिरणी व बॅटरी यांनाही वीज देणारे वेगळे नियंत्रक मिळतात. ते पंप बसविणाऱ्या संस्थेकडूनच बसवून घ्यावेत, म्हणजे देखभालीचा करार अबाधित राहील.

त्या गटाने साधा चार्जर घेतला, आणि उरलेल्या वर्गणीतून वाहने सावलीत उभी राहावीत म्हणून पत्र्याची शेड घातली.