‘डिड नॉट वेंट’ का चुकतं? समजून घ्या फायनाइट आणि नॉन-फायनाइट क्रियापदांमधला फरक

‘आय डिड नॉट वेंट.’ इंग्रजी बोलताना हे वाक्य अनेकांच्या तोंडून निघून जातं. मुलाखतीत निघालं, की पुढचं बोलणंही अडखळतं. गोष्ट कालची आहे, मग ‘वेंट’ का चालत नाही? उत्तर क्रियापदांच्या दोन प्रकारांत आहे.

दोन प्रकार कोणते?

कर्ता आणि काळ यांना बांधलेलं क्रियापद म्हणजे फायनाइट. उदा. ‘शी सिंग्ज’, ‘दे सिंग’, ‘शी सँग’. जे असं बांधलेलं नसतं, ते नॉन-फायनाइट. ‘शी वॉन्ट्स टू सिंग’चा भूतकाळ ‘शी वॉन्टेड टू सिंग’. बदललं फक्त ‘वॉन्ट’. ‘टू सिंग’ तसंच राहिलं.

मराठीत हे आपल्याला येतंच!

‘मी घरी जाऊन जेवलो’, ‘ती घरी जाऊन जेवली’, ‘आम्ही घरी जाऊन जेवू’. कर्ता बदलला, काळ बदलला, पण ‘जाऊन’ बदललं नाही. शाळेत आपण याला धातुसाधित किंवा कृदंत म्हणून शिकलो. नुसतं ‘मी घरी जाऊन’ म्हटलं, तर ऐकणारा विचारेल, ‘मग पुढे?’ ‘आय वर्किंग इन अ बँक’ हे वाक्यही असंच अर्धवट आहे. त्यात ‘ॲम’ हवं.

नॉन-फायनाइटचे तीन प्रकार

- इन्फिनिटिव्ह: ‘आय वॉन्ट टू लर्न’. ‘कॅन’, ‘मस्ट’, ‘डिड’ यांच्यानंतर ‘टू’ येत नाही: ‘ही कॅन स्विम’.
- जेरंड: नामाचं काम करणारं ‘इंग’ रूप. ‘स्विमिंग इज फन’, म्हणजे पोहणं मजेचं असतं.
- पार्टिसिपल: विशेषणासारखं रूप. ‘अ ब्रोकन चेअर’ म्हणजे मोडलेली खुर्ची, ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी. ‘इज सिंगिंग’, ‘हॅज गॉन’ यांतलं दुसरं रूपही पार्टिसिपलच.

मग ‘वेंट’ का नको?

क्रियापदं एकापाठोपाठ आली, तर काळ फक्त पहिलं दाखवतं. ‘डिड नॉट गो’मध्ये भूतकाळ ‘डिड’ने दाखवला, ‘गो’ने तो पुन्हा दाखवायची गरज नाही. म्हणूनच ‘शी डज नॉट गोज’ किंवा ‘ही कॅन स्विम्स’ हेही चूक.

परीक्षेत कुठे फसायला होतं?

‘द बॉक्स कंटेनिंग ओल्ड लेटर्स ___ लॉस्ट.’ इथे ‘वॉज’ की ‘वेअर’? शेजारी ‘लेटर्स’ दिसतं, म्हणून अनेक जण ‘वेअर’ लिहितात. पण ‘कंटेनिंग ओल्ड लेटर्स’ हा भाग फक्त खोका कसा आहे, ते सांगतो. कर्ता ‘बॉक्स’ एकच, म्हणून ‘वॉज’.

लक्षात ठेवा

शंका आली, की वाक्यात ‘आज’च्या जागी ‘काल’ घालून पाहा. बदलावं लागेल ते फायनाइट, तसंच राहील ते नॉन-फायनाइट. आणि वाक्यात एकही फायनाइट सापडलं नाही, तर ते वाक्य अजून पूर्ण झालेलं नाही.