भोंग्यानंतरचे मुक्काम
निवृत्त जोडप्यांनी रात्र कुठे काढावी? तंबू, वाडी, भक्तनिवास आणि चाकांवरचं घर

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली. साठच्या दशकात टेल्को, बजाज, बजाज टेम्पो आल्या, भोसरीच्या एमआयडीसीत लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली आणि नव्वदीनंतर कारखाने चाकणकडे सरकले. या पट्ट्यानं देशाला स्कूटर दिली, मॅटाडोर दिली, ट्रक दिले, सुमो दिली. लोक या गाड्यांतून अष्टविनायक करून आले, गोव्याला जाऊन आले. गाड्या बनवणारा मात्र फर्स्ट, सेकंड आणि नाइट शिफ्टच्या फेऱ्यांत अडकून राहिला. त्याच्या सुट्ट्या गावची जत्रा, भावकीतली लग्नं आणि गणपती यांतच संपायच्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी भोंगा सुटतो आणि हातात एकदम वेळ येतो. प्राधिकरणातल्या बागेत सकाळी बाकावर बसलेल्यांची चर्चा ऐका: काशी करायची की केरळ? चर्चा ठिकाणाची असते, पण साठीनंतरचा प्रवास ठिकाणामुळे फसत नाही. तो फसतो रात्रीमुळे. जमिनीवरून उठता न येणं, अंधारात लांब असलेलं शौचालय, शेजारच्या तंबूतला डीजे, किंवा एका रात्रीला पेन्शनचा मोठा घास घेणारी खोली. शेवटचा मुद्दा तर फारच खरा आहे. खासगी कारखान्यांतल्या बहुतेकांचं पेन्शन ईपीएस-९५ योजनेतलं. त्याची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. ग्रॅच्युइटी आणि पीएफची शिल्लक मुलांच्या घराला गेलेली असेल, तर मुक्काम स्वस्त असणं ही हौस उरत नाही, ती अटच होते.

म्हणून आधी मुक्काम ठरवावा आणि मग ठिकाण. कारखान्यात नवा पार्ट आला की थेट लाइनवर चढवत नाहीत, आधी ट्रायल घेतात. मुक्कामाचीही ट्रायल घरापासून तासा-दोन तासांवर घेता येते, आणि त्या बाबतीत पिंपरी-चिंचवडकर नशीबवान आहेत.

वारी: तंबूची जुनी शाळा

तंबूत राहणं हे तरुणांचं फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ज्येष्ठाच्या अखेरीस आकुर्डीत यावं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. माउलींची पालखी आळंदीहून निघते. दोन्ही सोहळ्यांचा उगम याच पट्ट्यात. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, असं परंपरा सांगते. माउलींच्या सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं ते एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी. सरदार शितोळ्यांच्या मदतीनं आलेली ही शिस्त लष्करी वळणाची आहे, हे मुक्कामाची आखणी पाहिली की पटतं.

दिंडीत नाव नोंदवून भिशी भरली की वळकटी ट्रकमध्ये जाते. काही माणसं पुढे जाऊन राहुट्या ठोकतात, पाण्याचा टँकर लावतात, चूल पेटवतात. वारकरी पोचेपर्यंत जेवण तयार असतं. बहुतेक दिंड्यांत बायकांच्या राहुट्या वेगळ्या असतात, त्यामुळे नवरा-बायको दिवसभर बरोबर चालतात आणि रात्री वेगळे होतात. या गर्दीत साठी-सत्तरीची माणसं भरपूर दिसतात, आणि मुक्कामाचे सगळे धडे त्यांच्याकडून शिकता येतात. खांद्यावर फक्त पाणी, इरलं आणि औषधं. बाकी सगळं ट्रकमध्ये. अंथरुणाखाली आधी प्लास्टिकचा कागद. शौचालयाची रांग टाळायला पहाटे तीनला उठायचं. पायाला फोड येण्याआधीच पट्टी.

पंढरपूरपर्यंतचे अडीचशे किलोमीटर सगळ्यांना झेपणार नाहीत. आळंदी ते पुणे एक दिवस चालावं, जमलं तर दिवे घाट चढून सासवडला एक रात्र राहुटीत काढावी आणि एसटीनं परत यावं. आपल्या गुडघ्यांना जमिनीवरची झोप मानवते का, याचा निकाल तिथे लागतो.

पवनाकाठचा तंबू

शहराजवळ तंबूचा मुक्काम म्हटलं की आता सगळे पवनेचं नाव घेतात. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांच्या मधोमध पसरलेलं हे धरणाचं पाणी. ठाकूरसाई, ब्राह्मणोली भागात काठावर तंबूंच्या ओळी दिसतात. शनिवारी संध्याकाळी भजी, रात्री बार्बेक्यू आणि त्यानंतर स्पीकर. निवृत्त माणसाच्या हातात इथे एक हुकमाचा पत्ता आहे: मंगळवार. आठवड्याच्या मधल्या वारी तोच काठ शांत असतो आणि दरही उतरतो.

तंबू ठरवताना चार गोष्टी फोनवरच विचाराव्यात. आत उभं राहता येतं का? खाट मिळेल का? शौचालय किती पावलांवर आहे, तिथे कमोड आहे का? आणि तिथवर दिवा आहे का? गादी कितीही मऊ असली तरी जमिनीवर असेल तर पहाटे उठताना दुसऱ्याचा हात लागतो. फोल्डिंग खाट आणि डोक्याला बांधायची बॅटरी एवढ्या दोन वस्तूंनी अर्धं काम होतं. पाण्यापासून तंबू लांब आणि थोड्या उंचावर हवा, आणि बुडीत क्षेत्राच्या गाळात तर नकोच. पोहायला उतरू नये. तळ अचानक खोल होतो आणि बुडण्याच्या बातम्या जवळपास दर वर्षी येतात.

आणखी एक भान ठेवायला हवं. या धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतला उचललं जातं आणि आपल्याच नळाला येतं. काठावर साबणाने भांडी घासणं म्हणजे स्वतःच्या हंड्यात फेस करणं. हेच पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याच्या वादात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे पोलिसांच्या गोळीबारात मावळातले तीन शेतकरी गेले. काठावरच्या गावातल्या माणसाशी बोलताना हे ठाऊक असलेलं बरं.

किल्ल्यावर मात्र तंबू लावता येणार नाही. लोहगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि जुलै २०२५ मध्ये शिवकाळाशी निगडित बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेला. अशी स्मारकं सूर्यास्तानंतर बंद असतात. मुक्काम पायथ्याच्या लोहगडवाडीत करावा. चिंचवडहून लोणावळा लोकलनं मळवली गाठायची, वाटेत भाज्याची लेणी पाहायची आणि वाडीत पोचायचं. गाडी चालवायची गरजच नाही. लोणावळ्यापलीकडे राजमाचीच्या उधेवाडीतही घराघरांत जेवण आणि अंथरूण मिळतं. रस्ता मात्र हाडं खिळखिळी करणारा आहे.

गाव, शेत आणि बिबट्या

तंबू न मानवणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग चाकणवरून नाशिक रस्त्यानं जातो. चाकणचा चौक सकाळची शिफ्ट भरायच्या आत ओलांडावा, हे इथल्या कामगाराला सांगायला नको. पुढे जुन्नर. २०१८ मध्ये राज्य सरकारनं या तालुक्याला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि नाणेघाट पाहायचे आणि रात्री शेतावरच्या खोलीत राहायचं. कृषी पर्यटनाची ही कल्पना राज्यात २००५ च्या सुमारास बारामतीजवळ पांडुरंग तावरे यांनी पुढे आणली आणि २०२० मध्ये सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं. भिंत, दार, पलंग आणि पिठलं-भाकरी या चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळतात.

इथे भिंतीला विशेष महत्त्व आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत उसाचं क्षेत्र वाढलं तसा बिबट्या उसातच वाढू लागला. पिल्लं उसात होतात, शिकार गावातली कुत्री आणि शेळ्या. म्हणून या भागात उसालगत तंबू लावू नये, अंधार पडल्यावर शतपावलीला शेतात जाऊ नये आणि पहाटे उघड्यावर बसू नये. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हेही लक्षात असावं.

थोडं लांब जायचं असेल तर मार्चच्या आसपास मंडणगड तालुक्यातलं वेळास. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि गावकऱ्यांनी आपली घरं पाहुण्यांना उघडली. कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला पहाटे आणि संध्याकाळी जायचं, दुपारी पडवीत आडवं व्हायचं. ज्येष्ठांना मानवेल असंच हे वेळापत्रक आहे.

एसटीचं तिकीट आणि देवाची खोली

रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. एसटीत मात्र उलट झालं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. आणि मार्च २०२३ पासून कुठल्याही वयाच्या बाईला अर्धं तिकीट. म्हणजे नवरा साठीचा आणि बायको अठ्ठावन्नची असेल, तर सवलत बायकोला आहे, नवऱ्यानं पाच वर्षं थांबायचं. आठवडाभर भटकायचं असेल तर ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास वल्लभनगर आगारात विचारावा आणि सवलतीच्या तिकिटाशी हिशोब ताडून पाहावा.

प्रवास असा स्वस्त झाला की मुक्कामासाठी भक्तनिवास. शेगाव, अक्कलकोट, शिर्डी, पंढरपूर, गणपतीपुळे इथे संस्थानांच्या खोल्या आहेत. शेगावच्या स्वच्छतेचं नाव तर सगळीकडे निघतं. उत्सव, पौर्णिमा आणि शनिवार-रविवार वगळले तर खोली मिळायला अडचण येत नाही. एमटीडीसीची कार्ला, माळशेज, भंडारदरा, तारकर्लीची निवासं थोडी महाग, पण जागा मोक्याच्या. महामंडळाच्या न्याहारी निवास योजनेतली घरं या दोन्हींच्या मधली.

चाकांवरचं घर

ऑस्ट्रेलियात निवृत्त जोडपी कॅरावान घेऊन महिनोन्‌महिने देशभर फिरतात. ‘ग्रे नोमॅड’ हे त्यांचं लाडकं नाव. त्यांच्या वाटेवर जागोजाग कॅरावान पार्क असतात, तिथे वीज जोडता येते आणि सांडपाणी सोडता येतं. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरावान पर्यटन धोरण आणलं, पण अशा जागा अजून तुरळक. त्यामुळे गाडी मिळते, तिची टाकी रिकामी करायची जागा मिळत नाही. ज्याला अनुभव हवा त्यानं दोन रात्रींसाठी भाड्यानं घ्यावी.

गाड्या बनवलेल्या माणसाचे हात मात्र शिवशिवतात. आपणच टेम्पोत पलंग, ओटा, गॅस बसवू, असा बेत हमखास शिजतो. इथे कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. कॅरावानसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. मंजूर रचनेची गाडी घ्यावी. एमएच-१४ च्या कार्यालयात नोंद न झालेला बदल अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आडवा येऊ शकतो. साधा उपाय म्हणजे मागची सीट पाडून त्यावर काढता येणारी गादी. खिळाही ठोकावा लागत नाही.

काचा बंद करून, इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बंद गाडीत किंवा तंबूत शेगडी पेटवण्यातही हाच धोका आहे.

दोघांचं गणित

नवरा निवृत्त होतो, त्याच दिवशी घरात माणूस वाढतो आणि बायकोचा चहा वाढतो. सहलीतही चूल तिच्याकडेच राहिली, तर ती सहल एकट्याचीच झाली. मुक्काम निवडताना पहिला प्रश्न हा असावा: रात्रीचं जेवण कोण करणार? खानावळ असेल, वाडीतली मावशी असेल किंवा नवरा असेल. तिचं नाव उत्तरात येता कामा नये.

औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, एक संच तिच्या पिशवीत, एक त्याच्या. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं, चालू असलेलं साधारण तीस अंशांखाली चार आठवडे टिकतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते खराब होतं. थर्मास किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा बरा. बूट घालण्याआधी झटकावेत. १०८ क्रमांक दोघांनाही पाठ हवा, आणि आपण नेमके कुठल्या गावात आहोत हे मुक्कामाला पोचताच मुलांना कळवावं. मावळात कान्हे फाट्याला आणि खेडमध्ये चाकणला सरकारी रुग्णालय आहे.

या दिवाळीनंतर

कार्तिक-मार्गशीर्षात पवनाकाठी एक रात्र, मंगळवारची. पौषात थंडी वाढते तेव्हा भिंतीची खोली, जुन्नरला. माघ-फाल्गुनात कोकण. वैशाखात उकाडा असतो, तेव्हा लांबचे बेत सोडून भंडारदऱ्यासारखी उंचावरची जागा. मेच्या अखेरीस तिथे काजवे चमकू लागतात. ज्येष्ठात आळंदी ते सासवड.

एवढ्या ट्रायलनंतर कळेल की तुम्ही खाटेचे आहात की सतरंजीचे, गर्दीचे की एकांताचे, आणि दोघांचं उत्तर एकच आहे का. एकच नसेल तरी बिघडत नाही. एक मुक्काम तिच्या पसंतीचा, पुढचा त्याच्या. काशी आणि केरळचं तिकीट त्यानंतर काढावं. तिथे काय पाहायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतील. तिथे झोपायचं कसं, हे तोवर तुम्हाला माहीत झालेलं असेल.