मधमाशीचे उड्डाणस्नायू आणि फवारणीची वेळ

थंडीच्या दिवसांत सकाळी फुलोऱ्यातील पिकावर मधमाश्या दिसत नाहीत. ऊन चढले की त्या येऊ लागतात. असे का होते, याचे उत्तर त्यांच्या स्नायूंच्या रचनेत आहे.

स्नायूंची रचना

टोळ सेकंदाला सुमारे २० वेळा पंख हलवतो. युरोपियन मधमाशी मात्र सुमारे २३० वेळा हलवते. टोळाच्या स्नायूला प्रत्येक फडफडीसाठी मज्जातंतूकडून नवा संदेश लागतो. संदेश आला की स्नायूत कॅल्शियम सुटते व स्नायू आखडतो. कॅल्शियम परत ओढून घेतले की तो सैल पडतो. हे काम करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांचे जाळे टोळाच्या स्नायूत भरपूर असते.

मधमाशीच्या वेगाला ही पद्धत पुरी पडत नाही. तिच्या वक्षात स्नायूंचे दोन संच असतात, एक उभा व एक आडवा. ते पंखांना थेट जोडलेले नसून वक्षाच्या कवचाला जोडलेले असतात. एक संच आखडला की कवचाचा आकार बदलतो व दुसरा संच ताणला जातो. हा ताणच दुसऱ्याला आखडायला लावतो. त्यामुळे एका संदेशावर पंखांची अनेक आवर्तने होतात. साहजिकच पिशव्यांचे जाळे येथे अगदी थोडे असते. ती जागा जाड स्नायुतंतुके आणि ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका व्यापतात. प्राणवायू पोचवणाऱ्या बारीक श्वासनलिका थेट स्नायूच्या आत शिरलेल्या असतात. इंधन म्हणून मुख्यतः साखर वापरली जाते.

गरम झाल्याशिवाय उड्डाण नाही

हे स्नायू थंड असताना पुरेशी ताकद देत नाहीत. वक्षाचे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास आल्यावरच माशी नीट उडू शकते. त्यासाठी ती पंख न हलवता दोन्ही संच आखडते व उष्णता निर्माण करते. कडाक्याच्या थंडीत मात्र ती पोळ्यातच थांबते.

वांगी व टोमॅटोला भुंग्याची मदत

पंख स्थिर ठेवून हेच स्नायू चालवण्याची युक्ती लाकूड पोखरणारा काळा भुंगा वेगळ्या कामासाठी वापरतो. वांग्याच्या परागकोषांना टोकाशी बारीक छिद्रे असतात. टोमॅटोचे परागही असेच आत बंद असतात. भुंगा फुलाला घट्ट धरून गुणगुणतो, त्या कंपनाने पराग बाहेर पडतात. मधमाशीला हे कंपन-परागीभवन जमत नाही.

आपण काय करावे?

१. सकाळी माश्या दिसत नाहीत म्हणून फवारणी सुरक्षित आहे असे समजू नका. माश्या पोळ्यात ऊब धरून असतात आणि दोन-तीन तासांत त्याच औषध लागलेल्या फुलांवर येतात.

२. फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळा. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असेल, तर सायंकाळी माश्या परतल्यावर, शिफारशीप्रमाणेच फवारणी करा. मधमाश्यांना कमी घातक औषध निवडा.

३. परिसरात मधपेट्या असल्यास मालकाला आदल्या दिवशी कळवा.

४. बांधावरील वाळलेले लाकूड व बांबू सरसकट जाळू नका. भुंगे त्यातच घर करतात.

फवारणीची वेळ बदलायला जास्तीचा खर्च येत नाही. चुकलेल्या वेळेची किंमत मात्र कमी फळधारणेच्या रूपाने आपल्यालाच मोजावी लागते.